रिव्हेटची जुनी ॲल्युमिनियम होडी घरी कशी दुरुस्त करावी

वैशाखात पैठणच्या नाथसागर जलाशयाचं पाणी मागं सरतं आणि काठावरच्या होड्या गाळात पोट टेकून पडतात. दुरुस्तीला हेच दिवस बरे. माझी बारा फुटी ॲल्युमिनियमची होडी भंगारात किलोच्या भावानं मिळाली. तळ गळका, बाकडी मोडलेली, आणि कुणीतरी आतून एम-सील, डांबर, सिमेंट असं हाताला लागेल ते थापलेलं. जो तो एकच सल्ला देत होता, ‘वेल्डिंग मारून टाक.’

चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले आमच्या गल्लीतले एक काका मात्र होडीभोवती फेरी मारून म्हणाले, “ही तर लालपरीच आहे. चाकं नाहीत एवढंच.” जुन्या एसटीची बॉडीही ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेटनं म्हणजे शेपूट ठोकून पसरवलेल्या खिळ्यांनी जोडलेली. एसटीत पाऊस वरून येतो, इथं पाणी खालून येतं, एवढाच फरक. पुढचं बरंचसं मी त्यांच्याकडूनच शिकलो.

वेल्डिंग का नको, ते आधी सांगतो. गेट-ग्रील करणाऱ्याच्या वेल्डिंगनं ॲल्युमिनियम जुळत नाही, त्याला आर्गनचं वेल्डिंग लागतं. ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत करून मिळेलही. पण होडीचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा आणि सांध्यात वर्षानुवर्षांचा मळ. उष्णतेनं पत्रा नरम पडतो आणि शेजारची रिव्हेट सैल होतात. एक भोक बुजवताना चार नवी गळती गळ्यात पडते.

आधी खरवडा

आतली फळी, बाकडी, तळाचा गाळ सगळं बाहेर काढा. फळीखालचा ओला गाळ हाच ॲल्युमिनियमचा खरा वैरी. माझ्या होडीत गाळाखाली पाच रुपयांचं पिवळं नाणं निघालं. गोदामाईला वाहायचं म्हणून कुणीतरी काढलेलं आणि हातातून निसटलेलं असणार. त्या पितळी नाण्याच्या कडेनं पांढऱ्या भुकटीचं कडं झालं होतं. नखानं भुकटी उडवली तर खाली खड्डा, आणि खड्ड्यातून उजेड! तांबं-पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून तळात नाणी, पितळी स्क्रू, तांब्याच्या तारेचे तुकडे काही राहू देऊ नका.

सिमेंट आणि चुना यांनीही तेच होतं, कारण ओला क्षार ॲल्युमिनियम खातो. तंबाखूवाल्या मित्राला चुन्याची पुडी होडीत सांडू नकोस म्हणालो, तो अजून हसतो. पण खरं आहे. त्याच कारणानं कॉस्टिक सोड्यानं होडी धुवायची नाही. साबण, पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. घट्ट मळाला भांडी घासायची हिरवी घासणी किंवा स्टेनलेसचा ब्रश घ्या. लोखंडी तारेच्या ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि मग गंजतात. रंग घासून काढताना मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पांढरी भुकटी दिसेल तिथं अणकुचीदार पोगरानं (पंचानं) टोचून बघा. खड्डा पत्र्याच्या निम्म्याहून खोल असेल तर तिथं ठिगळ लागणार. उथळ खड्डे घासून, एपॉक्सीनं भरून भागतं.

गळती शोधा

होडी पाण्यात सोडून आतून गळती बघायचा मोह होतो, पण पाणी एकीकडून शिरतं आणि दिसतं भलतीकडेच. त्यापेक्षा याच्या उलट करा. होडी आडव्या बल्ल्यांवर ठेवा, वर जुनी पोती घाला, आत पाणी भरा आणि खाली वाकून बघा. भरायच्या आधी टेकू मोजा. सव्वातीन मीटर लांब, एक मीटर रुंद तळावर आठ सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ २६० लिटर, म्हणजे २६० किलो! दोनच टेकू असतील तर तळ वाकेल.

आता मे महिन्यात, टँकर येतो त्या गल्लीत, माणूस होडीत पाणी भरायला लागला तर लोक काय म्हणतील ते सांगायला नको. म्हणून मी होडी आधी मागं कलती केली, नंतर पुढं, आणि प्रत्येक वेळी शंभरेक लिटरच पाणी घातलं. तेच पाणी बादलीनं काढून लिंबाच्या झाडाला. थेंब दिसेल तिथं बाहेरून जाड मार्करनं खूण करा. जोरात गळतं तिथं गोल, पाझरतं तिथं फुली. माझ्याकडे गोल अकरा आणि फुल्या बावीस झाल्या. पत्रा दोन ठिकाणीच गेला होता, बाकी सगळी सैल रिव्हेट.

काढायच्या आधी ठोकून बघा

मी ड्रिल घेऊन तयार बसलो होतो. काका म्हणाले, “अरे, भोक कशाला पाडू राहिला? आधी ठोकून तर बघ.” सैल रिव्हेट बहुतेक वेळा पुन्हा आवळता येतं. बाहेरच्या माणसानं रिव्हेटच्या डोक्यावर डॉली घट्ट दाबून धरायची, आतल्यानं शेपटावर, म्हणजे आतल्या पसरलेल्या टोकावर, हातोडीचे दोन-तीन नेमके घाव घालायचे. डॉली म्हणजे दोन-तीन किलोचा लोखंडी ठोकळा. आम्ही ट्रॅक्टरच्या एक्सलचा तुकडा कापून, तोंडाला रिव्हेटच्या डोक्याएवढी वाटी घासून घेतली. आवाजावर लक्ष ठेवा. सैल रिव्हेट खडखडतं, आवळलं की आवाज भरीव येतो. भरीव आवाज आला की थांबायचं, जास्त ठोकलं तर पत्रा ताणतो आणि शेजारचं रिव्हेट सुटतं. माझ्या तेहतीसपैकी एकवीस नुसत्या ठोकण्यानंच बंद झाली.

जी बंद होत नाहीत ती बदला. डोक्याच्या बरोबर मध्ये सेंटर पंच मारा, रिव्हेटच्या दांडीपेक्षा किंचित बारीक बिटानं डोक्याइतकंच ड्रिल करा, छन्नीनं डोकं उडवा, दांडी पंचानं बाहेर काढा. थेट जाड बीट घातला तर भोक अंडाकृती होतं. झालंच तर एक माप मोठं रिव्हेट घाला.

नवं रिव्हेट भरीव हवं आणि ५०५२ किंवा ५०५६ नंबरच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं. लांबीचा हिशोब सोपा आहे. जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी, अधिक दांडीच्या व्यासाची दीडपट. १.६ मिलिमीटरचे दोन पत्रे आणि ४.८ मिलिमीटरचं रिव्हेट असेल तर ३.२ अधिक ७.२, म्हणजे साडेदहाच्या आसपास. ठोकून झाल्यावर शेपटाचं बोंड ७ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच दिसलं तर बरोबर. वाकडं बसलं तर काढून दुसरं घाला, तसंच ठेवू नका.

पॉप रिव्हेटचा, म्हणजे एकाच बाजूनं बंदुकीनं ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटचा, मोह टाळा. त्याच्या मधून आरपार भोक असतं आणि आत राहिलेला लोखंडी खिळा गंजतो. आतून हातच पोहोचत नाही अशा जागी बंद तोंडाचं पॉप रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून घालायला हरकत नाही.

ठिगळ

चीर पडली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ठिगळाखालीही ती पुढं सरकत राहते. ठिगळ त्याच जाडीच्या ५०५२ पत्र्याचं, खराब भागाच्या चारही बाजूंना चार सेंटिमीटर जास्त, कोपरे गोल. भांड्यांचा मऊ पत्रा चालत नाही. रिव्हेटची भोकं काठापासून १० मिलिमीटर आत, एकमेकांपासून वीस-पंचवीस मिलिमीटरवर. आधी चार-पाच भोकांत नट-बोल्ट घालून ठिगळ बसवून बघा, मग सगळी भोकं पाडा. खोलून भोकांच्या कडांचा खरखरीतपणा कानशीनं काढा, दोन्ही पृष्ठभाग थिनरनं पुसा, मध्ये पॉलियुरेथेन सीलंटचा पातळ थर द्या आणि तो ओला असतानाच रिव्हेट ठोका.

सीलंटच्या बाबतीत मी एकदा तोंडघशी पडलो. पहिल्या वेळी खिडक्यांना लावतात ते, व्हिनेगरसारखं वास मारणारं सिलिकॉन वापरलं. दोन आठवड्यांत साय निघावी तसं सोलून आलं, आणि त्यातलं आम्ल पत्र्यालाही चांगलं नाही. कडक एम-सीलही तडकतं. चार मीटर ॲल्युमिनियम सकाळच्या १५ अंशांपासून उन्हात ६५ अंशांपर्यंत तापलं तर जवळजवळ साडेचार मिलिमीटर वाढतं, म्हणून सांध्यात लवचीक सीलंटच हवं. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर वाळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा कोरडी, त्यामुळे वरून पापुद्रा धरला तरी आतून वाळायला वेळ लागतो. मी आठ दिवस हात लावला नाही.

रंग आणि बाकडी

लोखंडाला लावतात तो रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमवर धरत नाही, आणि शिशाचा रेड लेड तर अजिबात नको. आधी रंग धरावा म्हणून दोन भागांचा वॉश प्रायमर, त्यावर एपॉक्सी, मग रंग. तळाला तांबं असलेला शेवाळरोधक रंग लावू नका, नाण्याचीच गोष्ट पुन्हा होईल. आतून न रंगवताही चालतं.

बाकड्यांखालचा फोम हा बसायला मऊ लागावं म्हणून नसतो, होडी भरली तरी तरंगावी म्हणून असतो. ओला होऊन जड झाला असेल तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम घाला. साध्या थर्माकोलवर पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो. नवी फळी थेट पत्र्यावर टेकवू नका, खाली रबराच्या पट्ट्या द्या म्हणजे पाणी वाहून जातं.

पाण्यात

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा होडी घेऊन उतरण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा आणि लाइफ जॅकेट घाला. पहिल्या दिवशी होडी काठालाच दोराला बांधा, तळात कोरडे वर्तमानपत्र पसरा आणि अर्धा तास थांबा. माझ्या पेपरवर दोन ओले डाग उमटले, दोन्ही मागच्या आडपट्टीजवळ. मार्करनं फुल्या मारल्या. काका म्हणाले, “दोनच? एसटीत यापेक्षा जास्त गळतं.” पुढच्या रविवारी ती दोन्ही रिव्हेट ठोकली.