कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखताना आधी पोट पाहावे

नाशिकमध्ये कॉर्न स्नेक पाळणारे माझे बहुतेक मित्र सापाचा मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा आनुवंशिक प्रकार, पाठीच्या रंगावरून ठरवतात आणि तिथेच फसतात. कारण हा रंग वयाप्रमाणे पालटतो, कात टाकण्याआधी धुरकट होतो आणि पिवळ्या दिव्याखाली भलताच दिसतो. म्हणून कात टाकून झाल्यावर साप सकाळच्या उजेडात खिडकीपाशी घ्यावा आणि पाहणी पोटापासून सुरू करावी.

अमेरिकेच्या आग्नेय भागात रानात आढळणाऱ्या मूळ सापाच्या पाठीवर काळ्या कडांचे तांबूस डाग आणि पोटावर मक्याच्या रंगीत दाण्यांसारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. या चौकटी नसतील, तर मोटली, स्ट्राइप किंवा डिफ्यूज्ड यांपैकी एक नक्षी असण्याचा संभव मोठा. मोटलीत पाठीवरचे डाग कडेने जुळून मधे फिकट गोल उरतात, स्ट्राइपमध्ये मानेपासून उभ्या रेघा धावतात, तर डिफ्यूज्डमध्ये कुशीवरची नक्षी विरघळल्यासारखी होते. टेसेरा या मॉर्फच्या पाठीवरही रेघ असते, पण त्याच्या कुशी तुटक नक्षीने भरलेल्या असतात.

मग डोळे पाहावेत. काळे रंगद्रव्य नसलेल्या अमेलॅनिस्टिक सापाचे डोळे लाल असतात, डागांच्या कडा पांढऱ्या आणि पोटावरच्या चौकटी नारिंगी असतात. अनेरिथ्रिस्टिकमध्ये तांबडा रंग नसतो. साप राखाडी-काळा दिसतो आणि मोठेपणी त्याच्या गळ्यावर हळदीचा हात फिरवल्यासारखी पिवळी झाक येते. चारकोल या तशाच दिसणाऱ्या मॉर्फमध्ये ही झाक सहसा येत नाही, त्यामुळे पिल्लू असताना या दोघांत निवाडा करण्याची घाई करू नये. अमेलॅनिस्टिक आणि अनेरिथ्रिस्टिक दोन्ही एकत्र आले की पांढरा-गुलाबी स्नो होतो. अंगात दडलेले अप्रभावी जनुक मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आईबापांची नोंदच मागावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या परिसरात आढळणाऱ्या तस्कर (ट्रिंकेट स्नेक) या रानटी सापाचे पोटही चौकटीविना फिकट असते, त्यामुळे त्याचे पिल्लू 'मोटली' म्हणून कोणी पुढे केले तर शरीराचा मागचा भाग पाहावा: तस्कराच्या तिथे दोन गडद उभ्या रेघा असतात आणि पुढच्या भागावर ठिपक्यांचे आडवे पट्टे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला पाळणे गुन्हा आहे. असे पिल्लू विकत न घेता वनविभागाला कळवावे.