मानसशास्त्रात संशोधनाची पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे?

माझ्या लघुप्रबंधाचा पहिला विषय होता ‘मोबाइल आणि एकाग्रता’. मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीनं दोन्ही शब्दांभोवती गोल काढले. म्हणाल्या, "मोबाइल म्हणजे काय? वापरलेले तास? किती वेळा हातात घेतला ते? की नुसता समोर असणं? आणि एकाग्रता मोजणार कशी?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीन महिन्यांनी विषय इथवर आला: फोन समोर टेबलावर पालथा ठेवला आणि दुसऱ्या खोलीत ठेवला, तर ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं सांगण्याच्या चाचणीत फरक पडतो का? मोठा प्रश्न मोजता येईल इतका लहान करणं हेच या दोन वर्षांतलं मुख्य शिक्षण आहे, असं मी आज ठामपणे म्हणेन.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. तुम्हाला समुपदेशक किंवा थेरपिस्ट व्हायचं असेल, तर ही वाट त्यासाठी नाही. त्या कामाला देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं, अनेक देशांत परवाना किंवा नोंदणीही लागते, आणि संशोधनाच्या पदवीत ते सहसा मिळत नाही. ही पदवी पीएचडीकडे, संशोधन सहायकाच्या कामाकडे, डेटाशी संबंधित नोकऱ्यांकडे नेते. माझ्या वर्गातल्या दोघांना हे पहिलं सत्र संपताना कळलं आणि त्यांचं वर्ष गेलं. म्हणून प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम उघडून बघा. त्यात संख्याशास्त्र, संशोधन पद्धती आणि प्रबंध यांना किती श्रेयांक आहेत, ते मोजा.

संख्याशास्त्राची भीती जवळजवळ प्रत्येकालाच असते. ती गणितामुळे कमी आणि सवय नसल्यामुळे जास्त असते. आर, जामोवी, जास्प ही सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात. प्रवेशाआधीच्या सुट्टीत एखादा खुला डेटासेट घेऊन हात बसवा.

खरी परीक्षा मात्र डेटा हातात आल्यावर होते. फोनवरचं अवलंबित्व मोजायला मी 12 विधानांची प्रश्नावली वापरली होती. विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रॉनबॅक अल्फा काढला, तर आला 0.21. साधारण 0.70 च्या वर असावा, असा संकेत आहे. दोन रात्री मी प्रश्नावलीलाच दोष देत होते. मग एकेक विधान मोठ्यानं वाचलं. ‘फोन घरी विसरला तरी मला काही वाटत नाही’ अशी चार विधानं उलटी होती. तिथं 5 गुण म्हणजे अवलंबित्व कमी. ते गुण उलटवायचे राहून गेले होते. उलटवले आणि अल्फा 0.82 झाला. त्या दिवसापासून मी प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवते आणि मूळ फाइलला कधीच हात लावत नाही. तुम्हीही हे पहिल्या दिवसापासून करा.

नमुना किती मोठा हवा, याचं उत्तरही डेटा गोळा करण्याआधीच काढायचं असतं. मी प्रत्येक गटात 30 जण पुरतील असं धरलं होतं, कारण जुन्या प्रबंधांत तसंच दिसायचं. मॅडमनी जी-पॉवर या नमुन्याचा आकार काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब करायला लावला. दोन गटांच्या सरासरीतला फरक किती मोठा आहे, हे कोहेनचा डी हा आकडा सांगतो. मध्यम परिणाम, म्हणजे डी 0.5, पकडण्याची शक्यता 80 टक्के हवी असेल तर प्रत्येक गटात 64 जण लागतात. 30 मध्ये ती शक्यता निम्म्याहूनही कमी राहते. परिणाम 0.2 इतका लहान असेल, तर प्रत्येक गटात जवळपास 400 माणसं हवीत! माणसं जमवायलाच मला चार महिने लागले. त्याआधी नैतिकता समितीची परवानगी, आणि नंतर संमतिपत्रातलं एक वाक्य बदललं तर पुन्हा तिचीच मंजुरी. वेळापत्रक आखताना हा काळ धराच.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पानं मला पटवलं. मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगानं क्वचितच येतील असे, होते, पुन्हा केल्यावर ते 36 टक्क्यांतच तसे आले. हे वाचून मी आठवडाभर अस्वस्थ होते. आपण शिकलो त्यातलं किती टिकेल? पण याच प्रश्नातून या क्षेत्रात चांगल्या सवयी रुजत आहेत. गृहीतक आणि विश्लेषणाची योजना आधीच नोंदवून ठेवायची, डेटा खुला करायचा. लक्षणीयतेची नेहमीची 5 टक्क्यांची मर्यादा धरून वीस वेगवेगळ्या चाचण्या करून पाहिल्या, तर खरा परिणाम कुठेच नसतानाही एखादी तरी ‘यशस्वी’ निघण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास असते. आधी नोंदणी केली की हा मोह आवरतो.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला. मसुदा किती दिवसांत तपासून मिळतो? भेट दर आठवड्याला होते की सत्रातून दोनदा? डेटात काही निघालं नाही तर त्यांची प्रतिक्रिया काय असते? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण माझ्या डेटात काही निघालं नाही. 128 जणांनंतरही दोन गटांत लक्षणीय फरक आला नाही. मला वाटलं, प्रबंध बुडाला. मॅडम म्हणाल्या, "तू काय शोधायला निघालीस ते आधी लिहून ठेवलं होतंस ना? मग जे आलं ते लिही." मी लिहिलं, ‘फोनमुळे फरक पडत नाही’. त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली आणि ते खोडून वर लिहिलं, ‘या नमुन्यात लक्षणीय फरक आढळला नाही’.