आधी तारीख, मग कागद, मग वकील

एका मोफत कायदा सल्ला केंद्रात मी काही वर्षं आठवड्यातून एक संध्याकाळ बसायचे. प्रत्येकाला वीस मिनिटं मिळत आणि त्यातली बारा मिनिटं पिशवीतून कागद बाहेर काढण्यात जात. उरलेल्या आठ मिनिटांत वकील जे सांगू शकतो, तेवढीच मदत माणूस घेऊन जाई. मोफत किंवा कमी पैशांतल्या मदतीचं हे गणित सगळीकडे असंच असतं. पैसे कमी लागतात, पण वेळ मोजून मिळतो. पूर्ण फी घेणाऱ्या वकिलाकडेही तुमची पिशवी तोच उपसतो, फक्त त्याचं बिल तुमच्या नावावर लागतं. म्हणून ‘परवडणारा वकील कुठे मिळेल’ हे विचारायच्या आधी घरच्या टेबलावर बसून करायची ही तयारी.

सगळ्यात आधी तारीख शोधा. हातात नोटीस, समन्स, कामावरून काढल्याचं पत्र, काहीही असो, त्यात उत्तर देण्याची मुदत किंवा हजर राहण्याची तारीख असते. ती मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहा. कागद तुमच्या हातात कोणत्या दिवशी पडला तेही त्याखाली लिहा, कारण पुष्कळदा मुदत त्या दिवसापासून मोजतात. एकदा एक गृहस्थ घर रिकामं करण्याची नोटीस घेऊन आले. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली, चारही कोपरे सरळ. नोटिशीवर तारीख होती ८, मिळाली २१ ला असं ते सांगत होते. मधल्या तेरा दिवसांचा हिशेब देणारी एकच वस्तू होती, टपालाचा शिक्का असलेलं पाकीट, आणि ते त्यांनी त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं होतं. तेव्हा पाकीट ठेवा. नोटीस ईमेलने आली असेल तर तो ईमेल खोडू नका. दारावर चिकटवली असेल तर काढायच्या आधी फोटो घ्या.

मुदती किती वेगवेगळ्या असतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो. जर्मनीत कामावरून काढल्याचं लेखी पत्र मिळाल्यापासून ३ आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. भारतात ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात, पण चेक न वटल्याच्या प्रकरणात बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटले की एका महिन्याच्या आत तक्रार. यातला एक टप्पा चुकला की खरं असलेलं प्रकरणही लंगडं होतं. मोफत वकिलासाठी अर्ज केला म्हणून मुदत आपोआप थांबते असंही धरून चालू नका. वकील मिळायला वेळ लागणार असेल तर स्वतःच कोर्टात लेखी अर्ज करून वेळ मागा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागू शकतो. तो फिरवून घेण्याचा खर्च पहिल्या तारखेला हजर राहण्याच्या कितीतरी पट होतो.

तारीख कळली की प्रश्न एका वाक्यात लिहून बघा. हे दिसतं तितकं सोपं नाही. ‘माझ्या भावाने मला फसवलं’ हा प्रश्न नव्हे, ती तक्रार झाली. ‘वडिलांच्या घरातला माझा हिस्सा भावाने मला न विचारता विकला, मला हिस्सा किंवा त्याचे पैसे हवेत’ हा प्रश्न. दुसऱ्या वाक्यात काय झालं ते आहे आणि काय हवं तेही आहे. काय हवं हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर वकील ते ठरवू शकत नाही. नोकरी परत हवी, थकलेला पगार हवा, की नुसतं अनुभवपत्र हवं? तिन्हींचे रस्ते वेगळे, खर्चही वेगळे.

मामला दिवाणी की फौजदारी, हेही इथेच पाहून ठेवा, कारण मोफत वकिलाचा हक्क बऱ्याच ठिकाणी त्यावर ठरतो. अमेरिकेत क्लॅरन्स गिडियन नावाच्या कैद्याने तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवला आणि १९६३ साली निकाल आला की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात ज्याची ऐपत नाही त्याला सरकारने वकील दिलाच पाहिजे. दिवाणी दाव्यांना मात्र तिथे असा सरसकट हक्क नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७९ मध्ये एअरी यांच्या प्रकरणात वेगळी वाट धरली. नवऱ्यापासून न्यायालयीन फारकत हवी असलेल्या या आयरिश बाईंना वकील परवडत नव्हता, आणि न्यायालय म्हणालं की कोर्टाचं दार फक्त कागदावर उघडं असून भागत नाही. भारतात १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आलं आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिवाणी आणि फौजदारी, दोन्हींसाठी मोफत मदतीची यंत्रणा उभी केली. आपल्या बाबतीत नियम काय हे एका फोनवर कळतं. आधीच निराश होऊन बसू नका.

आता घटनाक्रम. एक पान, फार तर दोन. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं. विशेषणं नकोत. पगार थकल्याच्या प्रकरणात ते पान साधारण असं दिसतं: ‘५ जानेवारी, कामावर रुजू, नेमणूकपत्र दिलं नाही. २८ फेब्रुवारी, पगार बँकेत जमा. ३१ मार्च, पगार नाही. ९ एप्रिल, मॅनेजरला मेसेज, उत्तर “पुढच्या आठवड्यात”. १७ एप्रिल, मी न कळवता गैरहजर. २२ एप्रिल, तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.’ यात रागाचा एक शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. १७ एप्रिलची ओळ पाहा. ती लिहायला हात धजत नाही, आणि नेमकी तीच समोरची बाजू पहिल्यांदा काढते. आपल्या वकिलाला ती आपल्याकडून कळलेली बरी. तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लपवली तर तो ज्या बचावाची तयारी करतो, तो कोर्टात त्याच्याच अंगावर कोसळतो. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘एप्रिलचा दुसरा आठवडा’ असं लिहा, अंदाजाने आकडा ठोकू नका.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण एका बैठकीत उरकतं. घटनाक्रमाच्या प्रत्येक ओळीपुढे तिचा पुरावा कोणता ते लिहा आणि कागद त्याच क्रमाने लावून झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर टाका. मूळ कागदावर खुणा, रेघा, शेरे काही नको. झेरॉक्स काढा, मूळ प्रती घरी ठेवा. वकिलाला मूळ कागद द्यावाच लागला तर काय दिलं त्याची यादी करून सही घ्या. मोबाइलमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. सोयीचा तेवढा तुकडा कापून आणला की शंका येते, तेव्हा पूर्ण संभाषण जपा. काही खोडू नका, स्वतःचे रागातले मेसेजसुद्धा नाही. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, म्हणून नवीन रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारा. आणि प्रकरण चालू असेपर्यंत सोशल मीडियावर त्याबद्दल एक अक्षरही लिहू नका. समोरचा वकील तिथेच पहिल्यांदा बघतो.

वेगळ्या फोल्डरमध्ये मोफत मदतीच्या पात्रतेचे कागद घाला: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा पगाराच्या पावत्या, बँकेचे अलीकडचे उतारे, घरात किती माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत त्याची नोंद. काही ठिकाणी घराचं एकूण उत्पन्न धरतात. मग भांडण जोडीदाराशीच असेल तर त्याचं उत्पन्न धरणार का, हे मुद्दाम विचारा. आपण पात्र नाही असं घरबसल्या ठरवून टाकणारे फार भेटले मला. भारताच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं कलम १२ पाहिलं तर स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट लागत नाही. कमावती बाई ‘मला कुठलं मोफत’ म्हणून परत जाते, आणि कायदा तिला हो म्हणून बसलेला असतो.

दारं कोणती ठोठवायची, त्याची यादी आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब असते. सरकारी विधी सेवा हे पहिलं. भारतात त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जर्मनीत आधी स्थानिक न्यायालयातून सल्ल्यासाठीचा दाखला घ्यायचा आणि तो घेऊन वकिलाकडे जायचं, अशी पद्धत आहे. नियमांचा क्रम चुकला की पैसे खिशातून जातात, म्हणून आधी विचारणं बरं. मग विधी महाविद्यालयांची सल्ला केंद्रं. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि एखाद्या मुरलेल्या वकिलापेक्षा ते तुमचा कागद जास्त बारकाईने वाचतात असा माझा अनुभव आहे. मात्र परीक्षेच्या दिवसांत तिथे कोणी सापडत नाही. वकील संघटनांकडे कमी फीत काम करणाऱ्यांची यादी असू शकते. कामगार संघटना, भाडेकरूंच्या संघटना, स्त्रियांच्या संस्था आपापल्या विषयात पक्क्या असतात. घराच्या किंवा गाडीच्या विमा पॉलिसीत कायदेशीर खर्चाचं संरक्षण आहे का, तेही चाळा. लोक हप्ता भरतात आणि हे पान वाचतच नाहीत.

काही भांडणांना वकील लागतच नाही. बँक, विमा, सरकारी खातं यांच्याविरुद्ध लोकपाल, म्हणजे तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी (ओम्बड्समन), असतो. ही कल्पना स्वीडनमध्ये १८०९ सालची आणि आता अनेक देशांत रुजलेली. छोट्या रकमांच्या दाव्यांसाठी सोपी न्यायालयं असतात. कॅलिफोर्नियात तर अशा दाव्याच्या सुनावणीत वकिलाला तुमच्या वतीने उभंच राहू देत नाहीत. मध्यस्थीही स्वस्त पडते. पण घरात मारहाण झाली असेल, एक बाजू दुसरीला घाबरत असेल, तर समोरासमोर बसून तडजोड करायला मी कोणालाच सांगणार नाही. लोक अदालतीत सही करायच्या आधी एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: तिथल्या निवाड्यावर अपील नाही. कोर्टातले कारकून अर्ज कुठला आणि खिडकी कुठली ते सांगतील, पण जिंकाल का हे त्यांना विचारू नका, ते सांगणं त्यांचं काम नाही.

फोन करताना पहिलं वाक्य मुदतीचं असू द्या: ‘मला १४ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.’ त्यानंतर विरुद्ध बाजूचं पूर्ण नाव. त्या संस्थेने आधीच समोरच्याला सल्ला दिला असेल तर ती तुमचं काम घेऊ शकत नाही, आणि हे अर्ध्या तासाच्या कहाणीनंतर कळण्यात काही अर्थ नाही. मग ते एका वाक्यातलं प्रकरण. भाषेची अडचण असेल, चालता येत नसेल, घरून मोकळेपणाने बोलता येत नसेल तर तेही आत्ताच सांगा.

फीबद्दल विचारायला लाजू नका. वकिलांना त्याची सवय असते. पहिल्या भेटीचे पैसे आहेत का? पूर्ण प्रकरणाची ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने, की तासावर? कोर्ट फी, टायपिंग, प्रवास हे त्यात धरलं आहे का? आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न: ‘पूर्ण केस न घेता फक्त नोटिशीचं उत्तर लिहून द्याल का?’ किंवा ‘मी लिहिलेलं तपासून द्याल का?’ थोडक्या पैशांत नीट काम करून घेण्याचा हा मार्ग लोकांना सुचतच नाही. जिंकल्यावर रकमेतला हिस्सा घेण्याचा करार अमेरिकेत सर्रास चालतो. भारतात वकिलांच्या आचारनियमांना तो मान्य नाही. हरलो तर समोरच्याचा खर्च आपल्यावर येईल का, हेही विचारा. इंग्लंडमध्ये साधारणपणे येतो, अमेरिकेत साधारणपणे ज्याचा त्याने सोसायचा. तुमचा वकील मोफत असला तरी हा धोका उरू शकतो. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती हवी.

काही गोष्टी करूच नका. कोऱ्या कागदावर सही नाही, कोरं वकीलपत्र तर नाहीच. ‘निकाल नक्की आपल्या बाजूने’ असं सांगणाऱ्याकडून उठा. कोर्टाच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला ओळखपत्र मागा, बहुतेक वेळा तिथेच संभाषण संपतं. चॅटबॉटकडून कायद्याची भाषा समजून घ्या हवं तर, पण त्याने दिलेला निवाडा अर्जात घालू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात खुद्द वकिलांनी असे अस्तित्वात नसलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

भेटीला जाताना एक घरचं माणूस सोबत असलं तर बरं, पण त्याने ऐकायचं आणि लिहायचं, तुमच्याऐवजी बोलायचं नाही. खाजगी बोलणं असेल तेव्हा त्याला बाहेर बसवतील, त्याचा राग मानू नये. तुमचे प्रश्न आधी लिहून न्या, महत्त्वाचा सगळ्यांत वर. उठायच्या आधी तीन गोष्टी वहीत लिहून वकिलाला वाचून दाखवा: मी काय करायचं, तुम्ही काय करणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत.

नकार मिळाला तर तो लेखी मागा. पात्रतेवरून नाकारलं असेल तर त्यावर दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची ते त्याच पत्रात लिहिलं आहे का बघा, नसेल तर खिडकी सोडायच्या आधी विचारा. जागा नाही म्हणून नाकारलं असेल तर ‘मग मी कोणाकडे जाऊ?’ असं विचारून एक नाव आणि फोन नंबर घ्या. तुमचं एका पानाचं टिपण तयार असेल तर तो नंबर तुम्ही त्यांच्याच पायऱ्यांवर उभं राहून फिरवू शकता.