शांतता कमिटीतला माणूस निवडणुकीला उभा राहिला की त्याचा रेकॉर्ड कसा काढायचा

जानेवारी 2026 मध्ये पुणे महापालिकेच्या मतदानाआधी आमच्या सोसायटीच्या गेटवर एक पत्रक चिकटवलं होतं, उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आणि त्याखाली पहिलीच ओळ "सदस्य, शांतता समिती", मग पोलीस स्टेशनचं नाव. शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे हा पोलिसांवर लक्ष ठेवतो का गं?" मला धड सांगता येईना. मग मी बरेच दिवस हेच शोधत बसले, आणि जे हाताला लागलं ते इथे लिहितेय, कारण पुण्यात प्रत्येक प्रभागात असा एक तरी माणूस असतोच आणि आपण नुसतं पत्रक वाचून मत देतो. मतदान होऊन गेलंय म्हणून सोडून देऊ नका, निवडून आलेल्याचाही रेकॉर्ड असाच निघतो.

सगळ्यात आधी तो नक्की कशाचा मेंबर आहे ते बघा, इथेच बहुतेकांची गल्लत होते. शांतता समिती म्हणजे पोलीस स्टेशनने भागातली माणसं बोलावून केलेली कमिटी, गणपती, ईद, मोहरम, जयंत्या आल्या की बैठक होते, मंडळाचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, व्यापारी, जुने कार्यकर्ते बसतात. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं, आणि पोलिसांची चौकशी करायचा अधिकारही नसतो. मोहल्ला कमिटी हा त्याच्याच जवळचा प्रकार, भिवंडीत 1988 साली डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी ती चळवळ म्हणून उभी केली, आणि निवृत्तीनंतर 2014 ला ते बारामतीतून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभेही राहिले. म्हणजे पोलीस आणि जनता यांच्या मधल्या कामातून निवडणुकीत उतरणं आपल्याकडे नवीन नाही आणि त्यात वाईटही काही नाही, फक्त काम खरं होतं का ते तपासायला हवं.

पोलिसांविरुद्धची तक्रार खरोखर ऐकणारी यंत्रणा वेगळी आहे, पोलीस तक्रार प्राधिकरण. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 22 सप्टेंबर 2006 ला सगळ्या राज्यांना ते स्थापन करायला सांगितलं, आपल्याकडे 2014 च्या दुरुस्तीने ते महाराष्ट्र पोलीस कायद्यात आलं. राज्य पातळीवर अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात, नागरी समाजातला एक सदस्य असतो, पण सगळे सरकारने नेमलेले. तेव्हा कुणी "मी पोलीस प्राधिकरणावर निवडून आलोय" म्हणाला तर तिथेच थांबवा, अशी निवडणूक आपल्याकडे होतच नाही. अमेरिकेत शिकागोमध्ये मात्र होते, फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या 22 पोलीस जिल्ह्यांत प्रत्येकी तीन असे 66 जण लोकांनी पहिल्यांदा मत देऊन निवडले. इंग्लंड-वेल्समध्ये 2012 पासून पोलिसांवर देखरेख करणारं "पोलीस अँड क्राइम कमिशनर" नावाचं पद निवडणुकीने भरतात, पहिल्या वेळी मतदान जेमतेम 15 टक्के झालं होतं. मला मनापासून वाटतं की आपल्याकडेही पोलिसांवर नजर ठेवणारा माणूस लोकांना उत्तर देणारा हवा, पण तो दिवस येईपर्यंत हे नगरसेवकपदाचे उमेदवारच आपल्या हातात आहेत.

आता निवडणुकांचा इतिहास. पुण्यात हे काढताना एक मोठा खड्डा आहे तो म्हणजे प्रभाग. 2007 ला एका वॉर्डात एकच नगरसेवक होता, 2012 ला दोन-दोनचे प्रभाग झाले, 2017 ला 41 प्रभाग आणि 162 जागा, बहुतेक चार-चारचे, आणि 15 जानेवारी 2026 ला पुन्हा 41 प्रभाग पण जागा 165. हद्दी दर वेळी हललेल्या, नंबरही बदललेले. त्यामुळे कार्यकर्ते "दादांची मतं तिप्पट झाली" असं सांगतात ना, ते ऐकून भारावून जाऊ नका, वॉर्डच तिप्पट-चौपट झालेला असतो, शिवाय चारच्या प्रभागात आपण अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबतो आणि पॅनेलच्या, म्हणजे एकाच पक्षाच्या चौघांच्या, लाटेत कुणीही वाहून वर येतो. आकडा बघायचाच तर त्याच्याच अ, ब, क किंवा ड जागेवरच्या बाकी उमेदवारांच्या तुलनेत बघा, आणि त्याच पॅनेलच्या उरलेल्या तिघांपेक्षा त्याला किती जास्त किंवा कमी पडली ते बघा, माणसाची स्वतःची मतं तिथे कळतात. मतदान केंद्रनिहाय आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, ज्या गल्लीत तो शांतता राखल्याचं सांगतो तिथल्याच बूथवर लोकांनी त्याला काय दिलं ते समोर येतं. विधानसभेसाठी हे फॉर्म 20 मध्ये असतं, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर, महापालिकेसाठी निवडणूक विभागाकडे अर्ज करून मागा. विधानसभेला उभा राहिला असेल तर डिपॉझिट वाचलं का तेही बघून घ्या, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त पडली नाहीत तर 10 हजार (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे 5 हजार) जातात. कोणत्या वर्षी कुठल्या चिन्हावर लढला ते एका कागदावर खाली खाली लिहा, पक्ष किती वेळा बदलला ते आपोआप दिसतं.

मग प्रतिज्ञापत्र, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत दिलेली संपत्तीची आणि गुन्ह्यांची माहिती. महापालिकेचं राज्य निवडणूक आयोगाकडे, विधानसभा-लोकसभेचं भारत निवडणूक आयोगाकडे, हे दोन वेगळे आयोग आहेत आणि मी पहिले दोन दिवस चुकीच्या साइटवरच शोधत होते. लोकसभा-विधानसभेसाठी मायनेता ही साइट सोपी पडते. प्रॉपर्टीचा रकाना सगळे वाचतात, तुम्ही गुन्ह्यांचा रकाना सावकाश वाचा, कारण पोलीस स्टेशनात ऊठबस असलेल्या माणसाचं खरं चित्र तिथे आहे. नुसतं "5 गुन्हे" बघून घाबरायचं नाही. जुन्या भादंविचं (भारतीय दंड विधान) कलम 188, 143, किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37(1) सह 135 असेल तर तो बहुतेक वेळा आंदोलनाचा, मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा असतो, पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यावरही लागतो. पण 384 म्हणजे खंडणी, 420 म्हणजे फसवणूक, 354 म्हणजे बाईचा विनयभंग, तिथे थांबा. 1 जुलै 2024 नंतरचा गुन्हा असेल तर कलमं भारतीय न्याय संहितेची असतात, 188 चं 223 झालं, 420 चं 318(4), खंडणीचं 308. केस कुठल्या टप्प्यावर आहे ते ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर नावाने किंवा प्रत्येक केसला मिळणाऱ्या 16 अक्षरांच्या सीएनआर नंबरने मिळतं. एकाच नावाची माणसं पुण्यात ढिगाने आहेत, वडिलांचं नाव आणि पोलीस स्टेशन जुळल्याशिवाय कुणाला काही बोलू नका, एखाद्याची उगाच बदनामी व्हायला नको.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग म्हणजे माहिती अधिकार. साध्या कागदावर जोडपत्र अ च्या नमुन्यात पोलिसांकडे अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर. माझा पहिला अर्ज फुकट गेला कारण मी विचारलं होतं "अमुक व्यक्तीला समितीवर का घेतलं". का असं विचारलं की उत्तर येत नाही, कागद मागायचा. दुसऱ्यांदा असं लिहिलं: "दि. 1 जानेवारी 2022 ते 31 डिसेंबर 2025 या काळात झालेल्या शांतता समितीच्या बैठकांच्या तारखा, उपस्थिती नोंदवहीच्या व इतिवृत्ताच्या प्रती मिळाव्यात." काळ मुद्दाम तसा घेतला, कारण मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, आणि लोकांना पोलिसांपर्यंत जायला ही कमिटीवालीच माणसं उरली होती. त्यांनी तेव्हा काय केलं ते महत्त्वाचं. फोन नंबर, घरचे पत्ते मागू नका, ते देत नाहीत आणि आपल्याला लागतही नाहीत. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनीच 5 दिवसांत पुढे पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

मला 11 पानं मिळाली, पानाला 2 रुपये, 22 रुपये भरले. नोंदवहीच्या झेरॉक्सवर रेघा मारलेल्या, अनुक्रमांक, नाव, सही. नऊ बैठका झाल्या होत्या, पत्रकावरच्या माणसाच्या सह्या दोन, दोन्ही गणपतीच्या आदल्या आठवड्यातल्या. आणि त्याच पानांवर एक बाई होत्या, कुठल्याही पक्षाच्या नाहीत, त्यांची सही आठ वेळा, आणि एका इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे हाताने लिहिलेलं, "शाळेच्या मागील रस्त्यावर रात्री 9 नंतर गस्त वाढवावी, मुलींना त्रास होतो." मी ती ओळ दोनदा वाचली, अंगावर काटा आला. त्या रस्त्यावरून माझी मुलगी क्लासवरून येते आणि आता तिथे बीट मार्शलची, म्हणजे गस्तीच्या पोलिसांची, गाडी खरंच दिसते, ती कुणामुळे सुरू झाली हे तोवर मला माहीतच नव्हतं.

हे कागद घेऊन उमेदवाराला किंवा आता नगरसेवक झालेल्याला भेटा, भांडायला नाही. एकच विचारा, "साहेब, तुम्ही बैठकीत कुठला विषय मांडलात, कुठल्या तारखेला?" ज्याने केलंय तो लगेच सांगतो. काकूंना मी सगळी झेरॉक्स दाखवली, त्या चष्मा लावून त्या बाईंचं नाव शोधत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कधी उभी राहणार आहे ते विचार की तिला." रविवारी जाणार आहोत दोघी.