घरच्या सीएनसी प्लाझ्मा टेबलसाठी डिझाइन सॉफ्टवेअर कसं शिकावं

विजेच्या तप्त झोताने पत्रा कापणारं, कॉम्प्युटरवर चालणारं टेबल जोडून झालं, टॉर्च पेटते, कॉम्प्रेसर हवा देतो. पण कॉम्प्युटरसमोर बसलं की गाडी अडते. मग थ्रीडी मॉडेलिंगचे धडे सुरू होतात. महिन्याभराने स्क्रीनवर झकास नट-बोल्ट फिरत असतो आणि टेबलावर धूळ साचलेली असते. प्लाझ्मा कटिंगला थ्रीडी लागतच नाही. त्याला हवी असते सपाट, बंद आणि एकेरी रेघ. ती काढता आली की निम्मं काम झालं.

म्हणून दहा गोष्टी अर्धवट शिकण्यापेक्षा एकच काम शेवटपर्यंत न्या. २ मिलिमीटर सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातली देवनागरी नेमप्लेट आणि तिच्या कोपऱ्यात द्राक्षाचा घड. (नाशिकच्या गेटवर घड नसला तर पाहुणे विचारतात, बाग विकली का?) सरावासाठी नवा पत्रा आणू नका. ८ बाय ४ फुटांचा २ मिलिमीटरचा अख्खा पत्रा साधारण ४७ किलो भरतो, तो शिकण्यात घालवायचा नसतो. नाशकात अंबड-सातपूरकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे कटपीस मिळतात, ते बघा. गॅल्व्हनाइज्ड मात्र घेऊ नका, जस्ताचा धूर वाईट.

तीन सॉफ्टवेअर, तीन कामं

पहिलं सॉफ्टवेअर चित्र काढतं आणि डीएक्सएफ फाइल, म्हणजे नुसत्या रेघांचं चित्र, देतं. दुसरं, म्हणजे कॅम, त्या रेघांवरून टॉर्च कुठून कशी जाईल ते ठरवतं आणि जी-कोड, म्हणजे मशीनसाठीच्या सूचना, लिहितं. तिसरं टेबलाच्या मोटर चालवतं. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे कळलं नाही की माणूस चित्र दुरुस्त करत बसतो आणि चूक कॅममध्ये असते.

चित्रासाठी इंकस्केप घ्या. ते मोफत आहे आणि अक्षरं, नक्षी यांसाठी उत्तम. पुढे मोजून-मापून ब्रॅकेट किंवा फ्लँज करायचे असतील तर लिब्रेकॅड, तेही मोफत. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या डिझाइन सॉफ्टवेअरचा घरगुती परवाना मोफत मिळतो, पण तो धंद्यासाठी नाही. गेटच्या ऑर्डरी घेणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या. कॅमसाठी शीटकॅम प्लाझ्मावाल्यांत बरंच चालतं. त्याची चाचणी आवृत्ती जी-कोडच्या मोजक्याच ओळी देते, पण शिकायला पुरते. तिसरं सॉफ्टवेअर टेबलासोबत आलं असेल तेच ठेवा, मग ते माक थ्री असो वा लिनक्ससीएनसी.

पायरी १: पान मिलिमीटरमध्ये आणा

इंकस्केप उघडल्या उघडल्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर करा. हे राहिलं आणि पुढे कुणी इंच धरले, तर ४०० मिलिमीटरची पाटी २५.४ पट मोठी होऊन टेबलाबाहेर जाते.

पायरी २: नाव लिहा आणि जोडा

इथे वेळ द्या, कारण इंग्रजी धडे हे शिकवत नाहीत. फॉन्ट युनिकोडचाच घ्या आणि जाड घ्या. मुक्ताचं एक्स्ट्राबोल्ड किंवा बालू चांगलं बसतं. नाव टाइप करा, मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ. आता ही अक्षरं राहिली नाहीत, रेघा झाल्या.

व्ह्यू मेनूतून आउटलाइन मोड लावून बघा. शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसतील. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं थोडी एकमेकांत घुसवलेली असतात, म्हणून कागदावर शिरोरेषा सलग दिसते. टॉर्चला ते कळत नाही. ती प्रत्येक सांध्यात शिरोरेषा कापेल आणि ‘पाटील’चे तुकडे जाळीखाली पडतील. उपाय सोपा आहे: सगळं अनग्रुप करा, निवडा आणि पाथ मेनूतलं युनियन दाबा. सांधे नाहीसे होऊन एकच बाह्यरेषा उरते.

शिरोरेषेमुळे आपली नेमप्लेट आपसूक एकसंध राहते, ही मोठी सोय. पण अनुस्वार सुटतो. ‘शिंदे’ कापलं तर टिंब हवेत असतं, म्हणजे खाली टेबलातल्या पाण्यात. ते वेलांटीला टेकेपर्यंत खाली ओढा आणि पुन्हा युनियन करा. नाव आणि आडनाव यांमध्ये शिरोरेषेच्या जाडीची पट्टी घाला. ग, ण, श यांचा डावा भाग फक्त वरून लटकतो, तिथे शिरोरेषा बारीक असली तर अक्षर हाताने वाकतं.

हेच नाव पत्र्यात आरपार कोरायचं असेल तर गणित उलटं होतं. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. रांगोळीच्या छाप्यात असतात तसे ३-४ मिलिमीटरचे पूल तिथे ठेवावे लागतात.

पायरी ३: घड

एक वर्तुळ काढा, त्याच्या प्रती करून घड रचा. द्राक्षं एकमेकांना नुसती टेकलेली नकोत, दोनेक मिलिमीटर एकमेकांत घुसलेली हवीत. टेकलेल्या जागी पत्रा उरत नाही, कारण टॉर्च स्वतःच्या रुंदीचा पत्रा खाते. मग युनियन. मध्ये राहिलेल्या बारीक त्रिकोणी फटी सरळ डिलीट करा. तेवढ्या जागेत टॉर्चला भोक पाडून वळायला वाव नसतो, नुसता वितळलेला डाग उमटतो. २ मिलिमीटर पत्र्यात ४-५ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र प्लाझ्माला सांगूच नये, ड्रिल मशीन आहे ना.

फोटोवरून घड ट्रेस करायचा मोह होतो. त्यातून शेकडो नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, तयार होतात, मशीन प्रत्येक नोडवर अडखळतं आणि कडा जळते. ट्रेस केलंच तर पाथ मेनूतलं सिम्प्लिफाय एक-दोनदा चालवा आणि उरलेले नोड हाताने कमी करा.

शेवटी सेव्ह ॲजमधून डीएक्सएफ आर१४ निवडा आणि एकक मिलिमीटरच आहे ना ते बघा.

पायरी ४: कॅम

डीएक्सएफ शीटकॅममध्ये उघडल्यावर आधी लांबी तपासा. मग टूल तयार करा: कापाची रुंदी म्हणजे कर्फ, वेग, भोक पाडतानाची उंची, कापतानाची उंची, भोक पाडायला लागणारा वेळ. हे आकडे टॉर्चच्या पुस्तकातल्या तक्त्यावरून घ्या. शेजाऱ्याच्या मशीनचे आकडे उचलू नका.

क्रम असा: आतली छिद्रं आधी, बाहेरची रेघ शेवटी. बाहेरची आधी कापली तर पाटी हलते आणि छिद्रं वाकडी पडतात. लीड-इन द्या, म्हणजे टॉर्च रेघेबाहेरच्या टाकाऊ भागात भोक पाडून मग रेघेवर येते. दिशाही बघा. नेहमीच्या टॉर्चमध्ये हवा गोल फिरत येते, त्यामुळे पुढे जाताना उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची तिरकी. म्हणून बाहेरची रेघ घड्याळाच्या दिशेने आणि आतली छिद्रं उलट.

जी-कोड तयार झाला की नोटपॅडमध्ये उघडून वाचाच. जी२१ म्हणजे मिलिमीटर, एम३ टॉर्च चालू, एम५ बंद, जी० म्हणजे न कापता धाव, जी१ सरळ काप, जी२ आणि जी३ वळणं. एवढं ओळखता आलं तरी सुरुवातीची बरीच गडबड पत्रा लावण्याआधी सापडते.

पायरी ५: पाटीआधी चौकोन

नेमप्लेट लगेच कापू नका. १०० मिलिमीटरचा चौकोन काढा, कॅममध्ये ऑफसेट (टॉर्चला रेघेपासून निम्म्या कर्फएवढं बाजूला सरकवणं) काढून टाका, म्हणजे टॉर्च रेघेवरूनच जाईल. एकदा टॉर्च न पेटवता फिरवून बघा, मग गडद काचेचा चष्मा लावून कापा. गार झाला की व्हर्नियरने मोजा. ९८.५ भरला तर तुमच्या टॉर्चचा कर्फ १.५ मिलिमीटर. तो आकडा टूलमध्ये भरा, ऑफसेट बाहेरून लावा आणि तोच चौकोन पुन्हा कापा. आता १०० च्या आसपास भरला की पत्रा तोच ठेवून नेमप्लेटची फाइल लावा. टॉर्चच्या टोकाचं नोझल झिजलं की कर्फ वाढतो, तेव्हा माप चुकायला लागलं तर डिझाइनला हात लावण्याआधी नोझल काढून बघा.