सिनेमाची प्रिंट पडद्यावर नेण्याआधी तिचा प्रकार कसा ओळखावा

डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी पाहून प्रिंट प्रोजेक्टरवर चढवू नये. डबे वर्षानुवर्षे वितरक, थिएटर आणि गोदाम यांच्यामध्ये फिरत राहतात, झाकणांची अदलाबदल होते आणि ‘स्कोप’ (म्हणजे रुंद पडद्याची सिनेमास्कोप प्रिंट) असे लिहिलेल्या डब्यातून साधी प्रिंट निघते. ३० एप्रिलला, दादासाहेब फाळके यांच्या जयंतीला, जुना चित्रपट फिल्मवरूनच दाखवण्याचे नाशिकमधील एखाद्या मंडळाने ठरवले, तर ही तपासणी बहुधा मंडळालाच करावी लागेल, कारण फिल्म प्रोजेक्टरबरोबर ते चालवणारे जाणते ऑपरेटरही केबिनमधून गेले आहेत. रिवाइंडर (रीळ गुंडाळण्याचे यंत्र), खालून उजेड येणारे टेबल, भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि सुती हातमोजे एवढे साहित्य पुरते.

सुरुवात फिल्मच्या रुंदीपासून आणि कडेच्या छिद्रांपासून करावी. ३५ एमएममध्ये दोन्ही कडांना छिद्रे असतात आणि प्रत्येक फ्रेमला चार छिद्रे येतात; १६ एमएममध्ये फ्रेमला एक आणि ७० एमएममध्ये पाच. १६ एमएमच्या दोन्ही कडांना छिद्रे दिसली, तर त्या प्रिंटवर ऑप्टिकल आवाज (फिल्मच्या कडेला छापलेला आणि प्रकाशाने वाचला जाणारा आवाज) नाही असे समजावे, कारण तो एरवी छिद्रे नसलेल्या कडेलाच असतो.

त्यानंतर फिल्मचा पाया, म्हणजे चित्र ज्यावर उमटते ती पारदर्शक पट्टी कशाची आहे, ते पाहावे, आणि येथे घाई अजिबात करू नये. १९५०च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते व एकदा पेटली की पाण्यानेही सहज विझत नाही. कडेवर ‘सेफ्टी’ (म्हणजे नायट्रेट नसलेली सुरक्षित फिल्म) हा शब्द असला की निर्धास्त होण्याची पद्धत आहे. पण तो शब्द निगेटिव्हवरून छापून आलेलाही असू शकतो. कृष्णधवल प्रिंटवर पारदर्शक कडेवर काळी अक्षरे असतील तर ती त्याच फिल्मची, आणि काळ्या पट्टीत पांढरी अक्षरे असतील तर ती निगेटिव्हची, म्हणजे तुमच्या हातातील प्रिंटबद्दल काहीच न सांगणारी. शंका असल्यास तुकडा जाळून पाहण्याचा ‘प्रयोग’ करू नये. डबा थंड जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. ॲसिटेट आणि पॉलिएस्टर या दोन सुरक्षित पायांतील फरक सोपा आहे: रीळ उजेडासमोर आडवे धरल्यास पॉलिएस्टरमधून प्रकाश झिरपतो, ॲसिटेटचे रीळ काळपट दिसते. पॉलिएस्टर तुटत नाही, त्यामुळे ती अडकली तर प्रोजेक्टरचेच नुकसान होते. शिवाय तिला फिल्म सिमेंटचा (फिल्म जोडण्याच्या द्रव गोंदाचा) जोड धरत नाही, टेपच लावावी लागते.

ॲसिटेटच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म आकसली आहे का, ते मोजावे. ३५ एमएम प्रिंटच्या १०० फ्रेमची लांबी १९०० मिलिमीटर भरायला हवी. ती १९ मिलिमीटरने कमी भरली तर आकसणे एक टक्क्यावर गेले, आणि अशी प्रिंट साध्या प्रोजेक्टरवर चालवू नये. चित्रपट कितीही दुर्मिळ असला, किंबहुना दुर्मिळ असेल तर विशेष करून, येथे मोह आवरावा.

आता चित्राचा आकार. सर्वाधिक गोंधळ याच टप्प्यावर होतो, म्हणून एखादी गोल वस्तू असलेली फ्रेम शोधून ती भिंगाखाली धरावी. टांग्याचे चाक गोल दिसले तर प्रिंट साधी आहे. ते उभट अंडाकृती दिसले आणि माणसांचे चेहरेही लांबोडे झालेले असले तर ती सिनेमास्कोप आहे. स्कोपमध्ये चित्र आडवे निम्म्याने दाबलेले असते व ॲनामॉर्फिक लेन्स ते पुन्हा पसरवते. मग फ्रेमची उंची मोजावी. स्कोपची फ्रेम सुमारे १७.५ मिलिमीटर उंच असते, त्यामुळे दोन फ्रेममधील काळी रेघ अगदी बारीक असते. १.३७:१ या जुन्या प्रमाणाची (रुंदी:उंची) फ्रेमची उंची सुमारे १५.३, १.६६:१ची १२.६ आणि १.८५:१ची ११.३ मिलिमीटर भरते.

मात्र उंची १५.३ भरली म्हणजे चित्रपट १.३७ प्रमाणातच दाखवायचा, असा निष्कर्ष लगेच काढू नये. अनेक वाइडस्क्रीन चित्रपटांच्या प्रिंटवर पूर्ण उंचीचे चित्र असते आणि वरखालचा भाग प्रोजेक्टरच्या गेटमधील (फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या जागेतील) प्लेटने झाकणे अपेक्षित असते. श्रेयनामावलीची अक्षरे मधल्या पट्ट्यातच सामावलेली असतील, पात्रांच्या डोक्यावर मोकळी जागा फार असेल किंवा वरच्या कडेला मायक्रोफोन डोकावत असेल, तर चित्रपट झाकूनच दाखवायचा आहे. याउलट खऱ्या १.३७च्या चित्रपटाला १.८५ची प्लेट लावली की माणसांची डोकी छाटली जातात, आणि प्रेक्षक दोष छायालेखकाला देतात!

मूकपटाची प्रिंट निराळी असते. तिच्यात चित्र दोन्ही बाजूंच्या छिद्रांपर्यंत पसरलेले असते. ती बोलपटाच्या प्लेटमधून दाखवल्यास चित्राची एक बाजू कापली जाते, आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालवल्यास माणसे विनाकारण धावू लागतात. पूर्ण फ्रेमची प्लेट आणि वेग कमी करता येणारा प्रोजेक्टर नसेल, तर मूकपट फिल्मवरून दाखवण्याचा बेत रद्द केलेला बरा.

आवाजासाठी चित्र आणि छिद्रे यांच्यामधील पट्टी पाहावी. नागमोडी कडांची एकच रेघ, किंवा एकसारख्या हलणाऱ्या जोड रेघा असतील तर आवाज मोनो आहे. दोन रेघा एकमेकींपासून वेगळ्या हलत असतील तर स्टिरिओ. याशिवाय डिजिटल आवाजाच्या खुणाही असू शकतात: छिद्रांच्या मधल्या जागेत ठिपक्यांचे चौकोन असल्यास डॉल्बी डिजिटल, चित्रालगत तुटक रेघ असल्यास डीटीएस, आणि दोन्ही बाहेरच्या कडांवर निळसर पट्टे असल्यास एसडीडीएस. डीटीएसचा आवाज वेगळ्या डिस्कवर असतो. ती डब्यात नसेल तर शेजारच्या ॲनालॉग ट्रॅकवर, म्हणजे वर सांगितलेल्या नागमोडी रेघांवर, काम चालते. नंतरच्या काळातील काही प्रिंटचा ॲनालॉग ट्रॅक मोरपंखी निळा असतो. तो वाचण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये लाल एलईडीचा रीडर लागतो; जुन्या पिवळ्या दिव्यावर आवाज क्षीण आणि खरखरीत येतो.

हे सर्व पहिल्या रिळापुरते पाहून थांबू नये. दोन वेगवेगळ्या प्रिंटमधील रिळे एकत्र करून एक संच जमवलेला असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, आणि मग मध्यंतरानंतर रंग किंवा आवाज अचानक बदलतो.

शेवटी पहिल्या रिळाच्या आरंभीचे सेन्सॉर प्रमाणपत्र भिंगातून वाचावे. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी दिलेली असते. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते, म्हणजे ४११० मीटरचा चित्रपट साधारण १५० मिनिटांचा. डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण असेल तर सेन्सॉर मंडळाने काटछाट सुचवली होती असे समजावे. रिवाइंडरच्या काउंटरवर भरलेली लांबी प्रमाणपत्रापेक्षा बरीच कमी निघाली, तर रिळागणिक जोड मोजावेत. बहुतेक तूट रिळांच्या सुरुवातीला आणि शेवटाला आढळते. पण एखाद्या रिळाच्या मध्येच जोडांची दाटी दिसली, तर तेथे बहुधा एखादे गाणे काढून घेतलेले असते, आणि ते निमंत्रणपत्रिका छापण्याआधी कळलेले चांगले.