बॉक्स ट्रेनरमध्ये ग्रास्परच्या टोकाचा माग कसा घ्यायचा

बॉक्स ट्रेनर म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाची पेटी आणि ग्रास्पर म्हणजे त्यात वापरायचा लांब दांड्याचा चिमटा. त्याच्या टोकाच्या हालचालीवरून हाताची सफाई मोजायला दोन वेबकॅम, रंगीत चिकटपट्टी आणि ओपनसीव्ही (चित्रांवर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) एवढ्यावर काम होतं. कोड लवकर चालू लागतो, आकडे भरवशाचे करायलाच खरा वेळ जातो.

५ मिलिमीटर जाडीच्या ग्रास्परला टोकापासून २० आणि ५० मिलिमीटरवर एकाच रंगाच्या दोन पट्ट्या लावा. दुसऱ्या हातासाठी रंग वेगळा. पट्टी मॅट हवी, कारण चकचकीत पट्टीवर दिव्याची तिरीप पडली की तेवढा भाग पांढरा दिसतो आणि मध्यबिंदू सरकतो. लाल रंग टाळा: ओपनसीव्हीच्या एचएसव्हीमध्ये (रंगछटा, गडदपणा आणि उजळपणा वेगळे मोजण्याची पद्धत) तो ० आणि १७९ अशा दोन्ही टोकांना विभागला जातो.

कॅमेरे एकमेकांशी ६० ते ९० अंशांत घट्ट बसवा. ऑटो-फोकस, ऑटो-एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स आधी बंद करा, कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची भिंगं आणि एकमेकांसापेक्ष जागा मोजून घेणं) नंतर. बुद्धिबळपटाचा नमुना ताठ पुठ्ठ्यावर चिकटवून, चित्राचे कोपरे आणि जवळ-लांबचं अंतर धरून, १५-२० स्थितींत दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा. रीप्रोजेक्शन एरर (नमुन्याचे बिंदू गणिताने जिथे यायला हवेत आणि चित्रात जिथे दिसतात त्यांतला फरक) अर्ध्या पिक्सेलखाली आली पाहिजे. नंतर कॅमेऱ्याला नुसता धक्का लागला तरी सगळं पुन्हा.

साधे वेबकॅम एकाच क्षणी फ्रेम टिपत नाहीत. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) ३३ मिलिसेकंदांपर्यंत फरक पडतो. टोक सेकंदाला १०० मिलिमीटरने जात असेल तर तेवढ्यात ते ३ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवा आणि दोन्ही मालिका एकाच वेळेवर इंटरपोलेट करा, म्हणजे मधल्या क्षणांच्या जागा अंदाजाने भरा. मग दोन्ही कॅमेऱ्यांवरून प्रत्येक पट्टीची त्रिमितीय जागा काढा. त्यानंतर पट्ट्यांमधली रेषा २० मिलिमीटर पुढे वाढवली की टोक मिळतं.

आता ग्रास्पर शिकंज्यात घट्ट धरून मिनिटभर रेकॉर्ड करा. फ्रेममागे अर्धा मिलिमीटर थरथर असली तरी १,८०० फ्रेममध्ये ‘प्रवास’ ९०० मिलिमीटर भरतो! न हललेल्या टोकाचा. फिल्टर न लावता काढलेली पाथ लेंग्थ (टोकाने कापलेलं एकूण अंतर) त्यामुळे संथ, सावध हाताला उगाच शिक्षा देते. ६ हर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर (जलद थरथर गाळून संथ हालचाल ठेवणारा) लावा आणि स्थिर टोकाची चाचणी पुन्हा घ्या. जर्क (प्रवेग बदलण्याचा वेग, म्हणजे हालचालीतले झटके) काढणार असाल तर फिल्टरशिवाय त्या वाटेला जाऊच नका. तीनदा डिफरन्शिएट केल्यावर उरतो तो फक्त गोंगाट. शेवटी टोक मोजपट्टीच्या कडेने १०० मिलिमीटर सरकवून आकडा जुळतो का बघा, तेही आडवं, उभं आणि खोलीच्या दिशेने.

रंगीत पट्ट्यांवरून दांड्याचं स्वतःभोवती फिरणं कळत नाही. पेग ट्रान्सफरला (वस्तू एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेण्याचा सराव) त्यावाचून अडत नाही, पण टाके घालताना सुई वळते ती त्याच फिरण्याने. त्यासाठी नीडल होल्डरच्या (सुई धरायच्या अवजाराच्या) मुठीवर जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) बसवावा लागतो.